मागच्या सीटची उंची

क्लिफर्ड एन्टविसलने ती जुनी जोडसायकल घरी आणली आणि त्या दिवसापासून त्याच्या बायकोचं, नोरीनचं, डोकं फिरलं ते फिरलंच. सायकल कसली, नुसता सांगाडा होता. पुढे एकाने बसायचं, मागे दुसऱ्याने बसायचं आणि दोघांनी मिळून पायडल मारायची, तसली ती लांबलचक वस्तू, महायुद्धाच्याही आधीची. कुणाच्या तरी गोठ्यात गवताखाली पडली होती. चाकं नाहीत, चेन नाही, रंगाचा पत्ता नाही. पण व्हॅनमधून ती उतरवताना क्लिफच्या तोंडावर असं काही हसू होतं की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तेवढा हसलेला नाही.

तरी एक वेळ ते चाललं असतं. लोखंडावर कुणी जळत नाही. पण सायकलचं दुसरं टोक धरून ग्वेनेथ प्रोबर्ट खाली उतरली, आणि तिथे सगळं बिनसलं.

ही ग्वेनेथ मूळची वेल्सची. नवरा गेल्यावर इथे, क्लिदरो गावात, येऊन राहिली होती. घरामागे पत्र्याची शेड टाकून लोकांच्या बागांची लोखंडी फाटकं बनवायची, आणि सायकल क्लबात कुणाची फ्रेम तडकली की पितळ वितळवून सांधून द्यायची. चांगली ताडमाड बाई. हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं.

"आपल्याकडे आहे ना एक जोडसायकल?" नोरीन म्हणाली. "ठणठणीत आहे. कालच तर मी धुतली."

"ती वेगळी, ही वेगळी," क्लिफ म्हणाला.

"का, हिच्यावर तिघं बसतात?"

ग्वेनेथ खो खो हसली. नोरीन काही हसवायला बोलली नव्हती.

आता नोरीनची बाजूही ऐकून घ्या. तीसेक वर्षं ती क्लिफच्या मागे बसत आली होती. मागच्याला हँडल वळवता येत नाही, ब्रेक नाही, गिअर नाही. समोर बघावं तर नवऱ्याची पाठ. पण त्या पाठीवरून तिला सगळं समजायचं. खांदे वर गेले की चढ आला, मान डावीकडे कलली की वळण, आणि पाठ ताठ झाली की सकाळी घरात काहीतरी वाजलंय. क्लबात तिला एन्टविसलचं इंजिन म्हणायचे आणि तिला त्याचा अभिमान होता. तिच्या जागेवर आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. एकदा क्लिफची सख्खी बहीण गंमत म्हणून बसू का म्हणाली, तर नोरीनने असा चेहरा केला की त्या बिचारीने विषयच सोडून दिला.

आणि आता ही ग्वेनेथ दिवसाआड दारात हजर. पाठीला पिशवी, कानामागे पेन्सिल, आणि "क्लिफ, आली बघ ती वस्तू!" अशी आरोळी. खोक्यांतून एकेक नवा पार्ट निघायचा. मोटरसायकलला असतात तसले डिस्क ब्रेक, बटणासारखे गिअर, आणि ते ब्रेक बसावेत म्हणून पुढचं चाक धरणारा चिमटाही नवा कोरा. क्लबातला सगळ्यात जुना माणूस बर्नार्ड शोरॉक एकदा डोकावून गेला आणि कपाळाला हात लावून बसला.

"अरे, या फ्रेमला डिस्क ब्रेक? आजोबांना जीन्स घालताय तुम्ही! पाप लागेल रे!"

"आजोबा उतारावर जिवंत राहायला हवेत," ग्वेनेथ म्हणाली.

बर्नार्डचं आणि नोरीनचं एरवी कधी पटायचं नाही. त्या दिवशी तिने त्याला केकचा जाडजूड तुकडा वाढला.

तिला खरं झोंबायचं ते वेगळंच. चहा घेऊन ती आपल्याच परसातल्या शेडमध्ये गेली की आतलं बोलणं बंद व्हायचं. ग्वेनेथ छताकडे बघायची. क्लिफ दोन्ही तळव्यांत कप धरून, त्याची शेवटची दोन बोटं आत वळली होती त्याच्या वडिलांसारखीच, म्हणून तो कप तसाच धरायचा, तर तसा कप धरून तो हवापाण्याचं बोलायला लागायचा. सायकलच्या पुढच्या भागावर जुनी चादर टाकलेली असायची.

"ही कशाला?"

"रंग ओला आहे," क्लिफ म्हणायचा.

"परवाही ओलाच होता."

"थंडी आहे ना. वाळत नाही."

मे महिना चालू होता.

बर्नलीला राहणाऱ्या बहिणीला, एडिथला, तिने फोनवर सगळं सांगितलं. एडिथ म्हणजे आगीत तेल ओतायला जन्माला आलेली.

"रोज येते?"

"दिवसाआड."

"आणि शेडमध्ये दोघं करतात काय?"

"पितळ वितळवतात."

"अस्सं. आता त्याला असं म्हणतात होय!"

"एडिथ, चेष्टा करू नकोस. माझा जीव जातोय इथे."

"चेष्टा कोण करतंय? तू सायकल बघ. माणसं खोटं बोलतात गं, वस्तू नाही बोलत."

गुरुवारी क्लिफ केस कापायला गेला तशी नोरीन शेडमध्ये शिरली. स्वतःच्याच घरात चोरासारखी, आणि त्याचाही तिला राग आला. सायकल आता उभी राहिली होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, चाकं चकचकीत, दोन्ही बाजूंना आधाराला लाकडी घोडे. नाही म्हणायला सुंदरच दिसत होती मेली. नोरीन सरळ मागे गेली, फ्रेमवरून कशीबशी टांग टाकली आणि आपल्या जागेवर बसली.

पाय पायडलपर्यंत पोचेनात.

तिने अंग खाली ताणलं, पावलाची टोकं लांबवली, तरी पाय आपले लोंबकळतच. अंदाजाचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षं ज्याने तिची सीट लावली त्याला तिच्या पायाची उंची झोपेतही सांगता आली असती. म्हणजे ही सीट तिच्यासाठी लावलेलीच नव्हती. ही लांब पायांच्या माणसाची सीट होती. आणि लांब पाय म्हटल्यावर नोरीनच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते सांगायला नको.

ती तिथेच बसून रडली असती. पण रडण्यापेक्षा तिला संताप जास्त आला. डब्यातून तिने किल्ली शोधली, सीटचा बोल्ट सैल केला, सीट दणकन खाली आणली, आपल्या मापाला, आणि दात ओठ खाऊन आवळली. मग घरात जाऊन उरलेला सगळा केक एकटीने संपवला.

शनिवारी बघते तो सीट परत वर.

तिने परत खाली केली. सोमवारी परत वर. तिने परत खाली. घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं, जेवताना मीठ दे, बटाटे दे, एवढंच. आणि शेडमध्ये हे युद्ध चालू. शेवटी एका सकाळी शेडच्या खिडकीपाशी कपडे वाळत घालताना तिच्या कानावर पडलं.

"ग्वेन, सीट पुन्हा खाली बसली बघ."

"दाखव. हं. पकड गेलीये जुन्या क्लिपची. एवढ्या वजनाला नाही टिकणार. नवी मागवू, दोन बोल्टची. पण मग सीटची नळी आतून घासावी लागेल. आठवडा तरी जाईल."

"जाऊ दे की. तू येतेसच."

नोरीनच्या हातातली उशीची खोळ खाली मातीत पडली. स्वतःच्या हाताने तिने त्या बाईला आणखी एक आठवडा बहाल केला होता! आणि तो आठवडा ग्वेनेथ रोज आली. नवी क्लिप बसली, तेव्हा नोरीनने पुन्हा एकदा नशीब आजमावून पाहिलं. तर बोल्टची डोकी चांदणीच्या आकाराची, डब्यातली एकही किल्ली त्यांना लागेना. ती चांदणीची किल्ली ग्वेनेथच्या कमरेला, घराच्या चाव्यांच्या जुडग्यात लटकत होती. म्हणजे हिच्या नवऱ्याच्या सायकलची किल्ली आता त्या बाईच्या कमरेला!

"रविवारी पहिली फेरी," शुक्रवारी जेवताना क्लिफ म्हणाला. "सगळा क्लब येणार आहे. नदीकाठच्या सपाट रस्त्याने जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. तू येणारच आहेस."

"मी? कशाला? टाळ्या वाजवायला?"

"अगं टाळ्या कसल्या?" तो लाल झाला. मग खाली मान घालून बटाट्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "ये तर खरी. आल्यावर कळेल."

म्हणजे मागची जागा ग्वेनेथची, हे चार लोकांत सांगणार! नोरीनने ताट बाजूला सारलं. एडिथ फोनवर म्हणाली, जा आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडव, घरी बसलीस तर मैदान सोडल्यासारखं होईल. नोरीनने कपाटातून सायकलची अर्धी पँट काढली, क्लबाचा टी-शर्ट इस्त्री केला आणि ओठांना लाली लावली. सायकल चालवायला जाताना तिने आयुष्यात कधी लाली लावली नव्हती.

रविवारी वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत पंधरावीस जण जमले होते. क्लिफ आणि ग्वेनेथ पहाटेच सायकल घेऊन आले होते. सगळे हिरव्या सायकलभोवती कोंडाळं करून उभे होते. नोरीन चालत आली ती थेट गर्दीत घुसली. ग्वेनेथचा हात मागच्या सीटवर होता. नोरीनने तो हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी सीट धरली.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली. आवाज चढला होता, पण आता कोण पर्वा करतंय. "तीस वर्षं माझी आहे. तुम्ही कितीही उंच असा, आणि किल्ली कितीही कमरेला लावा, ग्वेनेथबाई, इथे मीच बसणार!"

क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करायचे. ते तुम्ही आणि ते बाई ऐकून बर्नार्डने हातातलं बिस्किट खिशात ठेवलं.

ग्वेनेथ तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, पण ती जागा क्लिफची आहे."

"काय?"

"मागची सीट. क्लिफची. आणि तूच ती सारखी खाली करत होतीस की काय? बाई गं! आम्ही नळी घासून घासून मेलो!"

"पुढे बघ ना, नोरीन," क्लिफ हळूच म्हणाला.

नोरीनने पुढे बघितलं. चादर नव्हती. पुढची सीट खाली होती, अगदी तिच्या कमरेच्या खाली. हँडल अरुंद. ब्रेकच्या दांड्या इतक्या आत घेतलेल्या की लहानसर हातालाही सहज पुराव्यात. इतके दिवस ती चोरून शेडमध्ये जात होती, पण पुढच्या सीटकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. चादरीचं टोक उचलावं असंही तिच्या मनात आलं नव्हतं. पुढे क्लिफ बसतो, यात बघायचं काय?

"दोघा भावांची होती ही," ग्वेनेथ उत्साहाने सांगायला लागली. तिला वाटलं आता सगळं मिटलं. "पुढचा बुटका, मागचा उंच. अशी उलटी जोडसायकल मिळत नाही कुठे. गावोगाव फिरून शोधली आम्ही. आणि ब्रेक असे बसवलेत की एका बोटाने लागतील. एप्रिलमध्ये त्या डोंगरावर जे झालं, त्यानंतर हा माझ्याकडे आला ना, नुसता थरथर कापत होता. म्हणाला, माझ्या बोटांनी ब्रेक दाबलाच जात नाही ग्वेन, नोरीन मागे होती, मी तिला मारलंच असतं..."

"ग्वेन!" क्लिफ म्हणाला.

ग्वेनेथने जीभ चावली. पण बोलून गेली ती गेलीच.

नोरीनला एप्रिल आठवला. वॉडिंग्टनच्या डोंगराचा पलीकडचा उतार. सायकल वाऱ्यासारखी सुटली होती, कानात नुसता घों घों आवाज, आणि ती मागे बसून मोठमोठ्याने गात होती. खाली पोचल्यावर तो म्हणाला होता, मजा आली ना? आणि ती म्हणाली होती, पुन्हा जाऊ या.

लोकांना वाटलं तिचे डोळे आनंदाने भरलेत. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. कसला आनंद? सीट गेली खड्ड्यात. त्या दिवशी तो ज्या गोष्टीने थरथरत होता, ती गोष्ट त्याने या बाईला सांगितली होती. तिच्या दारात जाऊन कापला होता. रात्री घरी येऊन मात्र नोरीनशेजारी बसून बातम्या बघितल्या असतील. आत्तापर्यंत तिला लांब पायांचा मत्सर वाटत होता. हे त्याच्या कितीतरी पट वाईट होतं.

ती पुढच्या सीटवर बसली. मोकळ्या जागेत चार चकरा मारून हात बसवला. हँडल सुरुवातीला वळवळलं, मग ऐकायला लागलं. "शाब्बास!" बर्नार्ड ओरडला. "घराचा कारभार होताच, आता सायकलचाही घे!"

सगळे निघाले. आणि निघाल्या निघाल्या नोरीनला नवीनच शोध लागला. पुढच्याला मागे वळून बघता येत नाही. ग्वेनेथ आपली सायकल घेऊन शेजारी आली आणि मागे क्लिफशी गप्पा मारायला लागली. चेन कशी वाजते, गिअर कसा पडतो. दोघं हसली. काय बोलून हसली ते वाऱ्यात ऐकू येईना. नोरीनच्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर, तिचा नवरा त्या बाईबरोबर हसत होता आणि तिला फक्त रस्ता दिसत होता.

वॉडिंग्टन गावात नदीकाठचा फाटा आला.

"डावीकडे, नोरीन," क्लिफ म्हणाला.

नोरीन सरळ गेली.

"अगं डावीकडे! हा डोंगराचा रस्ता आहे!"

"माहीत आहे."

मागून क्लबातली माणसं हाका मारत राहिली. चढ सुरू झाला. ती गिअर पाडत गेली, एकेक, आणि अशा जिद्दीने पायडल मारत राहिली की मागे क्लिफलाही मुकाट्याने जोर लावावा लागला. ग्वेनेथ थोडा वेळ बरोबर आली. मग काय समजायचं ते समजली असावी, कारण हळूहळू मागे पडली आणि दिसेनाशी झाली. माथ्यावर नेहमी सगळे थांबून पाणी पितात. नोरीन थांबली नाही. रस्ता खाली कलला, दोन माणसांच्या वजनाने सायकल सुटली, आणि तिने दोन्ही हातांची बोटं ब्रेकवरून उचलली.

"नोरीन!" क्लिफ म्हणाला. "ब्रेक लाव."

"मला का नाही सांगितलंस?"

"आधी ब्रेक लाव!"

"आधी तू सांग. एप्रिलपासून गप्प बसलास. का?"

"खाली गेल्यावर सांगतो, शपथ..."

"खाली गेल्यावर तू हवापाण्याचं बोलशील. आत्ता सांग."

दोन्ही बाजूंचे दगडी बांध पळायला लागले. एक मेंढी रस्त्याकडेला उभी होती, ती उडी मारून आत गेली. वेग वाढत होता आणि नोरीनही घाबरली होती, पण बोटं ब्रेकपासून दोन इंचांवर होती आणि वेळेवर आपण ब्रेक लावणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त तिची पाठ दिसत होती.

"लाज वाटली गं!" क्लिफ ओरडला. "तीस वर्षं तू डोळे मिटून माझ्या मागे बसलीस! आणि मी ब्रेक दाबतोय, दाबतोय, बोटांत जोरच येत नाही, आणि तू मागे गाणं म्हणतेयस! कसं सांगू तुला? कोणत्या तोंडाने?"

"तिला सांगितलंस ना त्याच तोंडाने! तिच्या दारात थरथरताना नाही वाटली लाज?"

"तिची कसली लाज?" वाऱ्यात त्याचा आवाज फाटला, तो अर्धवट रडत होता. "तिच्यापुढे कशाला लाजू मी? ती माझी कोण लागते?"

नोरीनने ब्रेक दाबला. एका बोटाने नाही, चारही बोटांनी. सायकल कुरकुरली नाही, घसरली नाही, जड होत होत आली आणि वळणाच्या अलीकडे माणूस चालतो तेवढ्या वेगावर टेकली.  मग क्लिफने कपाळ तिच्या पाठीला टेकवलं.

तिने ते तसंच राहू दिलं. उतार संपला, रस्ता सपाट झाला.

"पाय मार आता," ती म्हणाली. "का मी एकटीनेच ओढायचं?"